उत्तरेची रेघ

असोद्यात आमच्या घराच्या माळवदावरून उत्तरेला पाहिलं की एक निळसर रेघ दिसायची. रोज नाही. पाऊस पडून हवा धुतली गेली की दिसायची, भाद्रपदात सगळ्यात स्वच्छ. चैत्र-वैशाखात उन्हाच्या झळांमागे ती पुसली जायची, पुन्हा मृग लागेपर्यंत कुणाला तिची आठवणही नसायची. ती रेघ म्हणजे सातपुडा, हे आम्हाला शाळेत जाण्याआधीपासून माहीत होतं. तिच्यावर ढग कसे बसलेत ते पाहून वडीलधारी माणसं पावसाचा अंदाज बांधत. थंडी तिकडून येते, असंही म्हणत. पण तिकडे जायचं, आणि तेही काही काम नसताना, हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. मी एकदा वडिलांना विचारलं होतं. ते म्हणाले, ‘तठी काय हाये?’ विषय संपला.

या पुस्तकात त्या प्रश्नाचं उत्तर आहे, म्हणून मी ही प्रस्तावना लिहायला बसलो. पाल, सुकी नदीवरचं गारबर्डीचं धरण, यावल अभयारण्य, मनुदेवीचा धबधबा, उनपदेवचे गरम पाण्याचे झरे, आणि पार पश्चिमेला तोरणमाळचा यशवंत तलाव. खान्देशाच्या उत्तर कडेचं हे जंगल आणि त्यातलं पाणी, आणि तिथे पायी हिंडण्याच्या वाटा. पुस्तक हिंडणाऱ्यांनी लिहिलंय. मी हिंडलो ते उशिरा आणि थोडं. त्यामुळे वाटा त्यांच्याकडून समजून घ्याव्यात. मी त्याआधीच्या चार गोष्टी सांगतो.

प्रस्तावना वगळून पुढे जाणाऱ्या वाचकाला मी दोष देत नाही. पण असोद्याच्या माणसाला प्रस्तावनेची किंमत कळते. बहिणाबाई चौधरी आमच्या गावची लेक, जन्म २४ ऑगस्ट १८८०, माहेर महाजनांचं. त्या गेल्यावर १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकरूपानं आली ती आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह, आणि ती प्रस्तावना वाचून महाराष्ट्र चमकला. तेवढं भाग्य माझ्या या पानांना नको. त्यांनी वाचणाऱ्याला बसमध्ये बसवलं, तरी पुष्कळ.

आता आधी आमच्याच करमणुकीबद्दल बोलतो. खान्देशी माणूस घराबाहेर पडून मजा करत नाही, असं कुणी म्हणालं तर तो हिवाळ्यात इकडे आलेला नाही. चंपाषष्ठीचा नैवेद्य झाला की आमच्याकडे वावरावावरांत धूर दिसू लागतो. हिरवट-पांढरी, हाताच्या पंजात न मावणारी भरताची वांगी पऱ्हाटीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांवर भाजली जातात, सोलून लाकडी मुसळीनं ठेचली जातात. त्यात भाजलेली हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, वरून तेलाची फोडणी. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या. पंगत बांधावर, केळीच्या पानावर. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. असोदेकरांनी ही बातमी थोड्या कुत्सितपणे वाचली, कारण असोद्याचं वांगं कोणतं हे ठरवायला आम्हाला कागद लागत नाही. जे भरताचं तेच वरण-बट्टीचं. गोवऱ्यांच्या विस्तवात बट्ट्या, पाटाचं पाणी, झाडाखाली सतरंजी. हे आमचं वनभोजन, आणि त्याबद्दल मला जराही कमीपणा वाटत नाही.

अडचण एकच आहे. आम्ही जंगलात गेलो तरी वावरच सोबत नेतो.

पालला सुटीच्या दिवशी पहिल्यांदा गेलो तेव्हा हे माझ्या लक्षात आलं. नदीकाठी चार-पाच टोळकी बसलेली. प्रत्येकाची चूल, प्रत्येकाचं तेल, प्रत्येकाचा स्पीकर. आमचीही होतीच. परतताना आमच्या चुलीतला विस्तव विझला की नाही, हे कुणी पाहिलं नाही. अर्ध्या वाटेवर मला आठवलं, पण गाडी वळवायला कुणी तयार होईना. तो मार्च महिना होता. वावरात विस्तव राहिला तर फार तर बांध जळतो. सातपुड्याचं जंगल पानगळीचं आहे, मार्चमध्ये त्याच्या जमिनीवर गुडघाभर वाळलेला पाला असतो आणि डोंगरउतारावर आग माणसापेक्षा वेगानं चढते. त्या रात्री मला झोप लागली नाही. काही झालं नाही, हे दुसऱ्या दिवशी कळलं. पण वन्यजीव कायद्यात अभयारण्यातल्या विस्तवाबद्दल वेगळं कलम का आहे, हे मला कायदा न वाचताच समजलं. भरीत घरून करून न्यावं. गार भरीतही चांगलं लागतं, असोद्याचं तर लागतंच.

असोद्याहून निघालं की तापी ओलांडेपर्यंत आपण घरातच असतो. पूल संपला की केळी सुरू होतात. फैजपूर, सावदा, रावेर, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरव्या भिंती. फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं, नेहरू अध्यक्ष. या काँग्रेसशी पुढे आपलं काम आहे, लक्षात असू द्या. केळीच्या बागा संपायच्या जरा आधी जमीन बदलते. काळ्या मातीत गोल गोटे दिसू लागतात, मग वाळू, मग गोट्यांचेच थर. पाण्याची माणसं या पट्ट्याला बझाडा म्हणतात. सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यांनी हजारो वर्षं वाहून आणलेला हा गाळ-गोट्यांचा उतार आहे. सुकी, मोर, अनेर या नद्या डोंगरातून खळखळत येतात आणि इथे आल्या की त्यांचं पाणी जमिनीत मुरतं. यावल-रावेरची केळी याच मुरलेल्या पाण्यावर उभी राहिली. उपसा इतका झाला की हे तालुके अतिशोषित म्हणून नोंदले गेले, आणि तापीचं पुराचं पाणी या बझाड्यात मुरवण्याच्या महाकाय पुनर्भरण योजनेचा करार मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशानं केला. सहलीच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत हे कशाला, असं वाटेल. पण डोंगरावरचं झाड आणि सावद्याच्या मालधक्क्यावरून दिल्लीला जाणारं केळ यांच्यामध्ये हे गोटे आहेत, आणि गाडीच्या खिडकीतून ते दिसतात. ते पाहिल्याशिवाय वर जाऊ नये.

वर पाल. जळगाव जिल्ह्याचं थंड हवेचं ठिकाण असं त्याचं वर्णन केलं जातं. थंड या शब्दाचा अर्थ खान्देशी घ्यावा. आमच्याकडे पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, तिथे दोन-चार अंशांचा दिलासा हीदेखील चैन आहे. मात्र डिसेंबरच्या पहाटे तिथे खरोखर हुडहुडी भरते. वनखात्याचं विश्रामगृह आहे, आजूबाजूला साग आहे, आणि थोड्या अंतरावर डोंगरांच्या कुशीत अडवलेलं सुकीचं पाणी. जंगलातलं तळं म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांपुढे स्वीडन-फिनलंडमधली सूचिपर्णी झाडांनी वेढलेली, आरशासारखी तळी येतात, त्यांची निराशा होईल. आमचं पाणी आश्विनात काठोकाठ असतं आणि वैशाखात त्याच्या कडेला तडकलेल्या चिखलाचे पट्टे उघडे पडतात. पण त्या चिखलावर काय लिहिलेलं असतं! सांबराचे खूर, तरसाचा पंजा, मोराच्या नख्या, आणि नशीब असेल तर बिबट्याचे गोल, नखं न उमटलेले ठसे. पाणी आटतं तसं जंगल त्याच्याभोवती गोळा होतं. भरलेलं तळं पाहायला सुंदर. वाचायचं असेल, तर आटतं तळं.

यावल अभयारण्य १९६९ साली जाहीर झालं. क्षेत्र जवळपास पावणेदोनशे चौरस किलोमीटर, उत्तरेची कड मध्य प्रदेशाला लागून. पूर्वेला मेळघाट, पश्चिमेला अनेर आणि तोरणमाळ, आणि मधला हा दुवा. वाघ इथे मुक्कामाला नाही, वाटसरू म्हणून केव्हातरी येतो. त्याचं घर म्हणावं असं ठिकाण मुक्ताईनगर तालुक्यात, वढोदा-डोलारखेड्याच्या बाजूला. तिथे केळीच्या बागेत वाघ, हे दृश्य जगात फार ठिकाणी नसेल. यावलमध्ये अस्वल, बिबट्या, चौसिंगा, भेकर, नीलगाय. जंगल तासभराच्या सफारीत दाखवता येईल असं नाही, आणि मला तेच त्याचं मोठेपण वाटतं. ताडोब्याला जाऊन आलेला माणूस इथे येऊन ‘काहीच दिसलं नाही’ म्हणतो. त्यानं झाडांकडे पाहिलेलं नसतं.

झाडांत माझा लोभ अंजनावर. जोडपानं असतात त्याची, आपट्यासारखी पण देठापर्यंत दुभंगलेली, आणि कोवळी पालवी तांब्याच्या भांड्यासारखी लाल. लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं. खडकाळ, उन्हानं भाजलेल्या उतारावर जिथे साग हात टेकतो तिथे अंजन उभा राहतो. सालईची फिकट, पापुद्रे सुटलेली साल चांदण्यात उजळते. धावड्याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवांत आपण खातो, पण धावडा ओळखता येणारा माणूस गावात किती? मोहाची फुलं पहाटे पडतात आणि ती वेचायला माणसाआधी अस्वल येतं. म्हणून मोहाखाली पहाटे एकट्यानं जाऊ नये. पुस्तकात हे छोट्या अक्षरात आलंय, मी इथे मोठ्यानं सांगतो.

आता १८८० सालाकडे. बहिणाबाई जन्मल्या त्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बारावा खंड, खान्देशाचा, छापून आला. त्या काळी जंगलातली करमणूक म्हणजे शिकार, आणि ती साहेबांची. भिल्ल पलटण उभारण्यासाठी १८२५ साली धरणगावला आलेला जेम्स आउट्रम वाघांच्या शिकारीसाठी नावाजला गेला. त्याआधी १८१९ मध्ये वाघामागे निघालेल्या जॉन स्मिथला अजिंठ्याची लेणी दिसली. त्या छंदातून निघालेली चांगली गोष्ट म्हणायची तर तीच. दुसरी एक आहे, पण ती कळायला शंभरावर वर्षं लागली.

अ‍ॅलन ह्यूम या सनदी अधिकाऱ्यानं १८७३ साली एका नव्या घुबडाचं वर्णन प्रसिद्ध केलं. नमुना आजच्या छत्तीसगडातला, पाठवणारा ब्लेविट, म्हणून घुबडाच्या शास्त्रीय नावात ब्लेविट. मराठीत त्याला वनपिंगळा म्हणतात. खान्देशात तेव्हा जेम्स डेव्हिडसन नावाचे अधिकारी होते, पक्ष्यांचे नादी. त्यांनी शहादा-तळोद्याच्या बाजूला १८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत या पिंगळ्याचे नमुने मिळवले आणि ह्यूमच्या नियतकालिकात पश्चिम खान्देशातल्या पक्ष्यांची यादी छापली. १८८४ नंतर हा पक्षी कुणाला दिसल्याची खात्रीची नोंद नाही. सालिम अली आणि डिलन रिप्ले यांनी १९७० च्या दशकात शोध घेतला, मिळाला नाही. मधे एक नोंद होती, १९१४ ची, गुजरातमधली, कर्नल माइनर्ट्‌झहागेनची. ती पुढे बनावट ठरली. या गृहस्थानं संग्रहालयातला डेव्हिडसनचाच एक नमुना उचलून, पुन्हा भरून, त्यावर स्वतःची चिठ्ठी लावली होती. चोर आमच्या खान्देशाचा पिंगळा घेऊन गुजरातेत गेला, आणि लोक कित्येक वर्षं तिकडे शोधत राहिले.

पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षीतज्ज्ञांना हा घोळ लक्षात आला. गुजरातची नोंद बाजूला ठेवून त्यांनी जुन्या खऱ्या नोंदींची ठिकाणं धरली. आधी पूर्वेकडे शोधलं, तिथे नाही. मग त्या, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी आले आणि २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर, भर उजेडात, तो बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षांनी. हे घुबड दिवसा वावरतं. थंडीत सकाळी उन्हाला शेकत बसतं, शेपटी हलवतं, सरडे-टोळ-उंदीर पकडतं. गावातल्या ठिपकेदार पिंगळ्यासारखंच दिसतं, पण डोक्यावर ठिपके नाहीत, चोच दांडगी आणि पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले. त्यानंतर तो तोरणमाळला, यावलला, मेळघाटात सापडत गेला. म्हणजे आमच्या रेघेतच होता, फक्त कुणी पाहत नव्हतं. पाहिलं असेल तर ते इथल्या आदिवासींनी, पावऱ्यांनी, तडवींनी. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आणि ते ह्यूम तेच, १८८५ च्या काँग्रेसच्या स्थापनेतले. त्यांची काँग्रेस १९३६ ला या डोंगराच्या पायथ्याशी, फैजपूरला येऊन बसली, आणि त्यांचा पिंगळा वर झाडावर बसलेला असावा, या कल्पनेची मला गंमत वाटते. खात्री नाही, फक्त गंमत.

पावरे, बारेला, भिल्ल, तडवी. या माणसांबद्दल लिहिताना सहलीच्या पुस्तकांची जीभ घसरते. भोंगऱ्या बाजाराचंच घ्या. होळीआधीच्या आठवड्यात सातपुड्यात गावोगावी हे बाजार भरतात. होळीची खरेदी, ढोल, पावा, नटून आलेली पोरं-पोरी. शहरातून कॅमेरे येतात आणि हा पळून जाऊन लग्न करण्याचा मेळा आहे, असं बिनदिक्कत छापून टाकतात. आदिवासी समाजातल्या शिकलेल्या तरुणांनी याला वारंवार हरकत घेतली आहे. हा बाजार आहे, आमचा सण आहे, एवढंच त्यांचं म्हणणं. या पुस्तकाच्या पहिल्या खर्ड्यातही ते जुनं वाक्य होतं. लेखकांनी ते काढलं, त्याबद्दल त्यांचे आभार.

विरंगुळा हा शब्दच मुळी पाहुण्याचा. स्वीडनमध्ये कुणाच्याही रानात चालण्याचा, फळं वेचण्याचा हक्क राज्यघटनेत नोंदलेला आहे. तिथला माणूस हौसेनं बेरी वेचतो. इथे तेंदूपत्ता, चारोळी, मोह वेचणं ही हौस नाही, वर्षाचं मीठ-मिरची त्यातून येतं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं दावे दाखल करता आले, काही मंजूर झाले, काही अजून फायलींत आहेत, आणि अभयारण्याच्या आत शेतीची जमीन कुणाची यावरून भांडणं विकोपाला गेलेलीही इथल्या माणसांनी पाहिली आहेत. मला यात बाजू घेणं सोपं वाटत नाही. कापलेला साग पाहिला की जीव तुटतो, आणि तीन पिढ्या कसलेल्या तुकड्याचा कागद नसलेला माणूस समोर बसला की गप्प व्हावं लागतं. फिरायला जाणाऱ्यानं निदान एवढं समजून जावं की आपण सुटीला जिथे आलो, तिथे कुणीतरी कामावर आहे. वाटाड्या घ्यावा, त्याचे पैसे आधी ठरवावेत, आणि परतताना घासाघीस करू नये.

पावसाळ्याबद्दल एक सांगायलाच हवं. गारबर्डीचा सांडवा वाहू लागला की जिल्हाभरातून झुंडी लोटतात. मनुदेवीच्या धबधब्यालाही तसंच. दोन्ही ठिकाणं देखणी आहेत यात शंका नाही. पण सातपुड्यातली नदी फसवी. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वर सरहद्दीपलीकडे झालेला पाऊस अर्ध्या तासानं लोंढा होऊन येतो. पाण्याचा रंग मातकट झाला, वाळल्या काड्या तरंगत येऊ लागल्या, की वेळ संपली. खडकावरून उठायचं, मोबाइल काढायचा नाही. मला विचाराल तर जंगल पाहायला आषाढ-श्रावण टाळावेत. दिवाळीनंतर ते माघापर्यंत जावं. गवत पिवळं पडलेलं, वाटा कोरड्या, सुकीचं पाणी भरलेलं, उत्तरेकडून आलेली बदकं त्यावर उतरलेली. बदकांचा खरा मेळा पाहायचा तर हतनूर धरण, तापी-पूर्णेच्या संगमाखालचं, एकेचाळीस दारांचं. ते या पुस्तकाच्या कक्षेबाहेर आहे. लेखकांनी पुढचं पुस्तक त्यावर करावं.

वनपिंगळ्याची नेमकी जागा या पुस्तकात दिलेली नाही. मी ती विचारली होती. मिळाली नाही. जिथे घरटं कळतं तिथे कॅमेऱ्यांची रांग लागते, पक्षी ढोली सोडून जातो, हे कारण. मला राग आला आणि मग पटलं.

गेल्या पौषात पालच्या वरच्या धारेवर गेलो होतो. सोबत एक पावरा म्हातारा, माझ्याहून वयानं मोठा आणि पायानं तरुण. धारेवरून दक्षिणेला सगळं मैदान पसरलेलं. केळीचा हिरवा पट्टा, त्यापुढे धुरकट, तापी कुठे तरी त्यात. त्यानं विचारलं, तुमचं गाव कोणतं? मी बोट केलं. बोटाच्या टोकाला धुकं होतं, असोदा काही दिसेना. तो बराच वेळ तिकडे पाहत राहिला, माझ्या समाधानासाठी असेल. मग म्हणाला, तिकडे डोंगर नाही, तर पाणी कुठून येतं?

मी म्हटलं, बोअर मारतो.

किती खोल?

मी आकडा सांगितला. तो हसला नाही. खाली सुकीच्या पाण्याकडे एकदा पाहिलं, काठी उचलली आणि उताराला लागला.